मिरवणुकीचा मार्ग : इंदुरातील घरदुरुस्तीचे एक प्रकरण

शहराचा इतिहास लिहिताना राजवाडे, छत्र्या, घाट आणि पूल यांची नोंद आवर्जून केली जाते. ज्या हजारो घरांमुळे शहर हे शहर असते, त्या घरांच्या डागडुजीची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही. एखादा वाडा कोणी बांधला हे शिलालेखावरून अथवा सनदेवरून समजते. पुढील दीडशे पावसाळे तो कोणी तगवून धरला, हे कोठेच कोरलेले नसते. वस्तुतः बांधकाम ही चार-सहा वर्षांची गोष्ट असते आणि दुरुस्ती ही पाच-सहा पिढ्यांची. फुटके कवेलू बदलणारा, भिंतीतले बीळ बुजवणारा, मोरीपाशी नव्याने चुना भरणारा गृहस्थ इतिहासाच्या पानावर येत नाही.

इंदूरच्या इतिहासात मात्र असा एक प्रसंग घडला, की सामान्य माणसाने आपल्या घराची केलेली दुरुस्ती हाच संस्थानच्या सोहळ्याचा विषय झाला. तो काळ १९१७-१८ चा होता. गादीवर महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) होते, आणि या प्रसंगाचा सूत्रधार होता स्कॉटलंडमधील वनस्पतिशास्त्राचा एक प्राध्यापक, पॅट्रिक गेडिस.

माळव्यातील घर आणि त्याचे वर्ष

१८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास आली. दरबाराच्या आश्रयाने कारकून, शिलेदार, वैद्य, भिक्षुक, सराफ अशी अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांनी बांधलेल्या घरांची मांडणी दख्खनी होती : दिंडीचा दरवाजा, ओसरी, मधला चौक, माजघर, देवघर आणि वर माळा. सामग्री मात्र बहुतांशी माळव्याची होती. जोते काळ्या दगडाचे, सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा, भिंती विटा-मातीच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा आणि वर कवेलूंचे छप्पर. जुन्या राजवाड्याची घडणही याच जातीची आहे. त्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. लाकडाच्या या वैभवाची किंमतही त्याला मोजावी लागली. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी त्याने पाहिल्या.

माळव्याच्या भूमीचा एक गुण येथील प्रत्येक घराला भोगावा लागतो. येथील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराच्या पायाखालीही पडत असतात. त्यामुळे येथील घर दरसाल थोडेसे हलते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी भार भिंतीवर न टाकता लाकडी सांगाड्यावर टाकला आणि सांधे चुन्याचे ठेवले. चुना थोडी हालचाल सोसतो, बारीक तडा गेला तरी भिंत एकदम दुभंगत नाही. मात्र तो तडा दरसाल पाहावा लागतो आणि दरसाल भरावा लागतो. अशा घराची रचना ही दुरुस्ती गृहीत धरूनच केलेली असते.

या दुरुस्तीचे एक ठरलेले वर्ष होते. वैशाख-ज्येष्ठात छपरावर चढून कवेलू फेरायचे. फुटके काढायचे, सरकलेले नीट बसवायचे, वानरांनी व मांजरांनी केलेल्या उलथापालथीचा हिशेब मिटवायचा. पावसाळ्यात कोठे गळते ते पाहून तेथे परात ठेवायची आणि जागा लक्षात ठेवायची. पाऊस उघडला, की नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचे दिवस भिंतींचे. ओल वाळलेली असते, ऊन मऊ असते आणि सणही समोर असतो. पोपडे खरवडायचे, उंदरांची बिळे विटांच्या तुकड्यांनी व चुन्याने बुजवायची, गिलावा जेथे पोकळ वाजतो तेथे पाडून नव्याने करायचा. मग भिंतीला पांढरा हात, खालच्या पट्ट्याला काव आणि मातीच्या जमिनीला शेणाचे सारवण.

चुन्याचे काम बहुतेक घरी घरातलीच माणसे करीत. भट्टीतून आणलेली चुनकळी पाण्यात टाकली की ती खदखदते, तापते आणि फुटून विरते. त्या वेळी मुलांना दूर ठेवावे लागते, कारण डोळ्यांत थेंब गेला तर इजा होते. विरलेला चुना काही दिवस पाण्याखाली मुरू द्यायचा, वस्त्रगाळ करायचा, त्यात थोडा डिंक आणि किंचित नीळ घालायची. भिंतीवर लावलेला हा चुना हवेतील कार्बनवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडाच्या जातीचा होतो. म्हणजे चुनखडीपासून निघालेली वस्तू भट्टीतून, पाण्यातून व हवेतून फिरून पुन्हा चुनखडीच होते. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने बुरशी व किडे यांनाही तो आवरतो. दिवाळीपूर्वी घराला चुना लावण्याच्या रिवाजात शोभेइतकेच आरोग्यही होते.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि पुढील दोन दशके त्याने देशाचा मोठा भाग हादरवून सोडला. या रोगाने घराकडे पाहण्याची सरकारी दृष्टी पालटली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, माणसे हलवण्याचे आणि सामान नष्ट करण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात या कारवाईने काय वणवा पेटला हे सर्वश्रुत आहे. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी अक्षरे रंगवली जात, छपरांची कौले उतरवून आत ऊन पाडले जाई. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार मंडळाने तर दाट वस्त्याच्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचा मार्ग धरला.

प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो, ही गोष्ट १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी मांडली. पुढील दशकात हिंदुस्थानातील प्लेग कमिशनच्या प्रयोगांनी ती पक्की झाली. घराचा काळा उंदीर छपरात, माळ्यावर आणि पोकळ भिंतीत राहतो. तेव्हा फुटके कवेलू, उघडे बीळ आणि माळ्यावरची वर्षानुवर्षांची अडगळ या आता केवळ आळसाच्या खुणा राहिल्या नव्हत्या. घराच्या डागडुजीला जीवन-मरणाचा अर्थ आला होता. प्रश्न एवढाच होता, की ती डागडुजी कोणी करायची : दंडुका घेऊन आलेल्या शिपायाने, की घरच्या माणसाने?

जेम्स कोर्टमधला प्राध्यापक

या प्रश्नाचे उत्तर पॅट्रिक गेडिस यांनी इंदुरास येण्याच्या तीस वर्षे आधीच आपल्यापुरते दिले होते. १८५४ मध्ये जन्मलेल्या गेडिस यांचा १८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर त्यांनी चांगली वस्ती सोडून एडिंबरोच्या जुन्या भागातील जेम्स कोर्ट या मोडकळीस आलेल्या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. तेथे गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत. पति-पत्नींनी आधी स्वतःच्या खोल्या झाडल्या, भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलांच्या पेट्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांना हाताशी धरून सामायिक जिने व अंगण यांचे काम काढले. उपदेश थोडा आणि ब्रश हातात, अशी ही पद्धत होती. पुढे त्यांनी त्याच भागातील अनेक जुन्या इमारती पाडण्यापासून वाचवून वापरात आणल्या.

या अनुभवातून त्यांनी नगररचनेचे जे तत्त्व बांधले, त्याला शल्यवैद्यकातील उपमा त्यांनीच दिली. जेवढे कुजले असेल तेवढेच काढावे आणि जिवंत भाग राखावा. पडक्या घराची जागा मोकळी करून तेथे लहानसा चौक करावा, एखादे झाड लावावे, गल्लीला श्वास घेऊ द्यावा. चांगली घरे पाडून सरळ रेषेत रस्ता नेणे त्यांना खर्चिकही वाटे आणि क्रूरही, कारण पाडलेल्या घरातील माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन तेथील गर्दी वाढवतात.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते ऑक्टोबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. त्यांनी नवे साहित्य जमवून १९१५ च्या प्रारंभी मद्रासला प्रदर्शन भरवलेच. पुढील चार-पाच वर्षांत त्यांनी अनेक शहरे पायी हिंडून त्यांवर अहवाल लिहिले. मराठी माणसाशी निगडित अशी ठाणे, नागपूर आणि बडोदे ही नावे त्यात आहेत. १९१७ चे वर्ष त्यांना फार कठीण गेले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि जूनमध्ये कलकत्त्यात पत्नीचे निधन झाले. जेम्स कोर्टमध्ये ज्यांच्याबरोबर पहिला चुना लावला, त्या सहचारिणीला गमावल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी इंदूरचे काम हाती घेतले.

घरे आधी, मिरवणूक मागून

पुढील हकिगत मुख्यत्वे गेडिस यांनीच सांगितलेली आहे. अमेलिया डेफ्रीज यांच्या १९२७ मधील गेडिस-चरित्रामुळे ती सर्वतोमुखी झाली. सांगणारा स्वतःच नायक असल्याने तिच्यातील आकडे व परिणाम यांकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे. तथापि तिचा गाभा गेडिस यांच्या आयुष्यभराच्या वागणुकीशी जुळतो.

हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाला पाहून लोक बाजूला सरत. चौकशी करता असे कळले, की प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, अशी बोलवा आहे. या भीतीला कारण होते. नकाशा आला की मोजणी येते, मोजणी आली की घर पडते, हे शहरोशहरी लोकांनी पाहिले होते. गेडिस यांनी यावर फर्मान काढण्याची मागणी केली नाही. त्यांनी एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला. तो मिळाल्यावर दिवाळीच्या मिरवणुकीविषयी एक घोषणा झाली. या वर्षी मिरवणूक हिंदूंच्या वा मुसलमानांच्या ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या मार्गावर सर्वांत अधिक घरे दुरुस्त आणि स्वच्छ झालेली दिसतील, त्या मार्गाने ती जाईल. घरांतून काढलेला केरकचरा वाहून नेण्याचे काम संस्थान विनामूल्य करील.

या घोषणेतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. लोकांना जे येत नव्हते असे काहीही गेडिस यांनी शिकवले नाही. दिवाळीपूर्वी घर झाडणे, लिंपणे, चुना लावणे हे लोकांच्या अंगवळणी पडलेलेच होते. प्लेगच्या वर्षांत पळापळ, मृत्यू आणि उदासी यांमुळे ती सवय अनेक घरांत खिळखिळी झाली असली पाहिजे. गेडिस यांनी तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. त्यातही एका घराला बक्षीस न देता त्यांनी रस्त्याला बक्षीस ठेवले. त्यामुळे ज्याच्या घरी माणूसबळ नाही, त्याच्या भिंतीची काळजी शेजाऱ्याला लागली. गल्लीतील एक पडके दार साऱ्या गल्लीचा मान घालवणार होते. कचरा फुकट नेण्याची सोय तर फार शहाणपणाची होती. जुन्या घराच्या साफसफाईत खरी अडचण काढलेला मलबा टाकायचा कोठे ही असते, आणि नेमकी तीच संस्थानाने आपल्या अंगावर घेतली. गेडिस यांच्या सांगण्याप्रमाणे त्या दिवसांत सहा हजारांवर गाड्या कचरा शहराबाहेर गेला आणि उंदीर हजारोंनी पकडले गेले.

मिरवणुकीत आरंभी सुगीचे आणि लक्ष्मीचे देखावे होते. त्यामागून मोडक्या घरांचे देखावे, घाणीचा राक्षस आणि पिसवांनी लडबडलेला प्लेगचा प्रचंड उंदीर आला. मग वाद्यांचा सूर पालटला आणि स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत शहराचे सफाई कामगार आले. त्यांच्या झाडू नव्या होत्या, गाड्या धुतलेल्या होत्या, गळ्यात हार होते. कारागीर आपापल्या कसबाच्या खुणा मिरवीत गेले. इंदूर नगरीला देवतेचे रूप देऊन तिच्यासोबत शहराचा नवा आराखडा लोकांसमोर नेण्यात आला. तुळशीची रोपे वाटण्यात आली. रात्री राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. नरकासुराच्या वधाची कथा ज्या सणाला जोडलेली आहे, त्या सणाला हे दहन कोणालाही परके वाटले नसेल.

तुळशीची निवड विचारपूर्वक होती. १९१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंदूरविषयक दोन खंडांच्या अहवालात गेडिस यांनी तुळशीवृंदावनाला नीट राखलेल्या घराचे चिन्ह मानले आहे. जेथे तुळस आहे तेथे मोकळा चौक आहे, चौकात ऊन आहे, रोज झाडलोट आहे आणि तिची काळजी वाहणारी गृहिणी आहे. नगररचनाकाराने ज्या घराला हात लावायचा त्या घरात हा चौक शिल्लक राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. परदेशी तज्ज्ञाने मराठी घरातील वृंदावनात एक अखंड आरोग्यव्यवस्था पाहिली, ही गोष्ट आजही नवलाची वाटते.

त्या हंगामात प्लेग ओसरला. साथीची स्वतःची चढउतार असते, त्यामुळे सारे श्रेय एका मिरवणुकीला देता येणार नाही. ज्या सफाई कामगारांना त्या दिवशी हार घातले, त्यांचे जिणे दुसऱ्या दिवशी पालटले असेही म्हणता येणार नाही. परंतु एक गोष्ट निश्चित घडली. घरात न शिरता, कोणाचे छप्पर न उतरवता, लोकांच्या हातून लोकांची घरे दुरुस्त करवून घेता येतात, हे या शहराने दाखवले. गेडिस पुढे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांच्याच विभागातून पुढे आले. गेडिस यांचे निधन १९३२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिये येथे झाले.

दुरुस्ती का थांबली

स्वातंत्र्योत्तर काळात जुन्या इंदुरातील अनेक वाड्यांची दुरुस्ती हळूहळू थांबली. त्यास लोकांचा आळस हे एकच कारण नव्हते. वाड्याचे वारस वाढले, वाटण्या झाल्या नाहीत, आणि सामायिक छपराला खर्च कोणी करायचा हे ठरेना. भाडेकरूंचे भाडे जुनेच राहिले. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, ते आवश्यकही होते. पण नाममात्र भाड्यातून कवेलूही बदलता येईना, आणि घर पडले तर जागा मोकळी होईल असा हिशेब काही मालकांच्या मनात आला. भाडेकरूही परक्याच्या भिंतीला पैसा घालीना. भिंत मात्र दोघांच्याही डोक्यावर उभी होती.

दुसरे कारण सामग्रीचे. सिमेंट स्वस्त व सुलभ झाल्यावर चुन्याच्या भट्ट्या व घाण्या मागे पडल्या. ओल आलेल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा कडक गिलावा केला की एक-दोन वर्षे ती छान दिसते. पण विटा-मातीची भिंत जमिनीतून ओल ओढतच असते. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर पडून सुकते, सिमेंटमागे ती कोंडते. क्षार साचतात, विटा आतून भुगा होतात आणि शेवटी गिलावा विटेचे तोंड घेऊनच खाली येतो. तुळईचे भिंतीतले टोक त्याच कोंडलेल्या ओलीत कुजते. घर जुने झाल्यामुळे पडले असे म्हटले जाते, परंतु पुष्कळदा ते चुकीच्या औषधाने पडलेले असते. हीच काळजी राजवाड्याच्या बाबतीत उशिरा का होईना घेतली गेली. १९८४ च्या आगीत जळालेला त्याचा मागील भाग २००६ नंतर लाकूड, वीट व चुना याच जुन्या सामग्रीत पुन्हा उभारण्यात आला.

सामान्य घराच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. पावसाळ्याच्या तोंडी धोकादायक घरांच्या याद्या निघतात, नोटिसा लागतात. जुन्या वस्तीतील काही रस्ते रुंद करताना घरांचे दर्शनी भाग कापले गेले, ओसऱ्या आणि ओटे गेले. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणीत इंदूर पहिले आले. घराघरातून कचरा उचलण्याची येथील व्यवस्था देशभर वाखाणली गेली. गेडिस यांच्या घोषणेतील एक अर्धे, म्हणजे कचरा नेण्याचे, या शहराने उत्तम साधले. उरलेले अर्धे घराच्या दुरुस्तीचे होते. ते अजून बाकी आहे, आणि त्याची मुदत प्रत्येक पावसाळ्यागणिक कमी होत आहे.

या प्रकरणाची जी हकिगत उपलब्ध आहे ती मिरवणुकीच्या बाजूने लिहिलेली आहे. घराच्या बाजूचा इतिहास घरखर्चाच्या वह्यांत असतो : चुनकळी किती आणली, कवेलू कोणत्या भावाने पडले, सुताराला किती दिवसांची मजुरी दिली, कोणत्या साली माळा रिकामा केला. मोडीत आणि पुढे बाळबोधीत लिहिलेल्या अशा वह्या जुन्या कुटुंबांच्या ट्रंकांतून असतात, आणि वाडा विकताना त्या रद्दीत जातात. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या ग्रंथालयांनी एक कपाट या वह्यांसाठी राखले, तर घर कसे तगवावे हे पुढच्या पिढीला त्यातून वाचता येईल. त्यासाठी फार खर्च लागत नाही. वाडा रिकामा होण्यापूर्वी तेथे जाऊन ट्रंक उघडण्याची विनंती करणारा माणूस मात्र लागतो.